औषध देताना हात कुठे थांबला पाहिजे? वाचकांचे प्रश्न, ताईंची उत्तरं

मागच्या अंकात नर्सिंगच्या मुलामुलींना औषधं द्यायला सिम्युलेशनमधून, म्हणजे खऱ्या वॉर्डासारखा वॉर्ड उभा करून डमीवर किंवा पेशंट बनलेल्या माणसावर सराव करून कसं शिकवतात यावर दोन पानं लिहिली होती. त्यावर इतकी पत्रं आली की एका अंकात मावणार नाहीत, विद्यार्थ्यांची आहेत, ट्यूटर लोकांची आहेत, एक तर एका मुलीच्या वडिलांचं आहे. त्यातली काही इथे घेतलीत.

प्रश्न : ताई, आमच्या दुसऱ्या वर्षाच्या मुलींना औषध देण्याचे पाच 'राईट्स' झोपेतून उठवून विचारले तरी सांगता येतात. योग्य पेशंट, योग्य औषध, योग्य डोस, योग्य मार्ग, योग्य वेळ. लेखी परीक्षेत पैकीच्या पैकी मार्क. आणि वॉर्डात गेल्या की त्याच मुली ट्रे घेऊन सरळ बेडकडे चालायला लागतात, पेशंटच्या मनगटावरचा नावाचा पट्टासुद्धा बघत नाहीत. आमचं शिकवण्यात काय चुकतंय?
– एक नर्सिंग ट्यूटर

हे पत्र वाचून मला माझ्याच किती बॅचेस आठवल्या. पाच राईट्स पाठ असणं चांगलंच आहे, पण त्यात नुसतं कुठे पोचायचंय ते सांगितलंय, कसं पोचायचं ते नाही. 'योग्य पेशंट' असं वहीत लिहायला एक सेकंद लागतो, वॉर्डात मात्र त्याच दोन शब्दांसाठी चार्ट हातात घेऊन बेडजवळ उभं राहायचं असतं, "तुमचं पूर्ण नाव सांगता का" असं विचारायचं असतं, उत्तर येईपर्यंत थांबायचं असतं, मग पट्ट्यावरचं नाव आणि नोंदणी नंबर चार्टशी एकेक अक्षर, एकेक आकडा करत जुळवायचा असतो, ॲलर्जीची खूण बघायची असते, आणि हे सगळं करताना मागून कोणीतरी "सिस्टर, सलाईन संपलं" म्हणत असतं. जॉर्ज मिलर नावाच्या शिक्षणतज्ज्ञाने १९९० मध्ये वैद्यकीय शिक्षणासाठी एक पिरॅमिड मांडला होता, तळाशी 'माहीत आहे', त्यावर 'कसं करायचं ते माहीत आहे', त्यावर 'करून दाखवतो' आणि अगदी टोकाला 'रोजच्या कामात करतो'. लेखी परीक्षा खालच्या दोन पायऱ्यांवरच संपते. तिथून मुलीला आपण एकदम टोकावर नेऊन उभं करतो आणि मग म्हणतो की हिला साधा पट्टा बघता येत नाही.

मी वापरते तो एक सिनारिओ, म्हणजे सरावासाठी रचलेला प्रसंग, सांगते, तुम्ही तुमच्या सरावाच्या लॅबमध्ये उद्यासुद्धा करू शकता. दोन बेड शेजारी शेजारी, दोन्ही पेशंटचं आडनाव एकच. एका बेडवर डमी, दुसऱ्यावर वरच्या वर्गातली एक मुलगी पेशंट म्हणून झोपलेली, तिला सांगून ठेवलेलं की तुला जरा कमी ऐकू येतं, कोणी काहीही विचारलं तरी 'हो' म्हणायचं. रात्री दोघांचे बेड बदललेत पण चार्टवर अजून जुनाच बेड नंबर आहे. सकाळी ८ चं अँटिबायोटिक द्यायचंय. आता मुलगी येते, औषध नीट तयार करते, बेडजवळ जाऊन विचारते "तुम्हीच ना त्या?" आणि पेशंट म्हणते "हो". इथपर्यंत तिच्या डोक्यात सगळे राईट्स पूर्ण झालेले असतात. सिरिंज कॅन्युलाच्या, म्हणजे शिरेत बसवलेल्या नळीच्या, पोर्टला लागते, अंगठा दांड्यावर जातो. एकदा एका मुलीची नजर अगदी त्या क्षणी पट्ट्यावर गेली, लाल पट्टा होता, त्यावर पेनिसिलिनची ॲलर्जी लिहिलेली, आणि मी तिचा अंगठा दांड्यावरून उचलला जाताना पाहिला. ती काही बोलली नाही, सिरिंज काढून ट्रेमध्ये ठेवली आणि मग दीर्घ श्वास घेतला. मला सगळ्या कोर्समधून मुलींना द्यायचं असतं ते हेच, तो उचललेला अंगठा. औषध देणं हातांना लवकर येतं हो, थांबणं येत नाही, त्याचा वेगळा सराव लागतो.

एक सांगते, एका सिनारिओत एकच सापळा ठेवा. चार सापळे एकदम ठेवले की मुली गोंधळतात आणि शेवटी नुसतं 'मॅडम फसवतात' एवढंच लक्षात ठेवून घरी जातात. आणि चार्टशी लेबल तीनदा जुळवायची जी जुनी पद्धत आहे, कपाटातून औषध घेताना, सिरिंजमध्ये भरताना आणि बेडजवळ द्यायच्या आधी, ती प्रत्येक वेळी मोठ्याने वाचायला लावा. मनातल्या मनात वाचताना डोळा तेच वाचतो जे त्याला अपेक्षित असतं.

प्रश्न : मॅडम, मी पहिल्या वर्षाला आहे. सिम्युलेशनच्या दिवशी माझे हात इतके थरथरतात की औषधाची काचेची अँप्यूल फोडता येत नाही. सगळे काचेपलीकडून बघत असतात, व्हिडिओ चालू असतो. मागच्या वेळी मी चुकीची व्हायल (औषधाची छोटी बाटली) उचलली आणि सगळ्या वर्गाला कळलं. आता मला वाटतं की नकोच ते.
– एक विद्यार्थिनी

अगं बाळा, तुझं पत्र मी दोनदा वाचलं. आधी तुला माझी गोष्ट सांगते. मी शिकत असताना सिम्युलेशन वगैरे काही नव्हतं, थेट वॉर्डात पोस्टिंग. एका आजोबांची ब्लडप्रेशरची गोळी मी शेजारच्या बेडवरच्या आजोबांना दिली. मी विचारलं होतं "तुमचीच ना ही गोळी?" आणि त्यांनी मान डोलावली. वर त्या पहिल्या प्रश्नाच्या उत्तरात 'तुम्हीच ना' वाला पेशंट मी का ठेवते ते तुला आता कळलं असेल. पाचच मिनिटांत माझ्या लक्षात आलं, मी स्वतः जाऊन सांगितलं, डॉक्टरांनी दर पंधरा मिनिटांनी बीपी बघायला लावलं, आजोबांना काही झालं नाही. पण मला सगळ्या वॉर्डासमोर, पेशंटसमोर, इतकं बोललं गेलं की दोन आठवड्यांनी जेव्हा माझ्याकडून एक डोस तासभर उशिरा गेला तेव्हा मी चार्टवर ठरलेली वेळ लिहिली, खरी नाही. कोणाला कळलं नाही. मला त्या गोळीपेक्षा ती खोटी वेळ आजही जास्त बोचते, कारण पहिल्या चुकीत मी घाईत होते आणि दुसऱ्या वेळी मला काय करतेय ते नीट माहीत होतं. मला त्या दिवशी औषध द्यायला शिकवलंच नाही कोणी, लपवायला शिकवलं.

म्हणून तुझ्या मॅडमना हे पान दाखव आणि सांग की सराव सुरू व्हायच्या आधी दहा मिनिटं द्या. त्याला प्रीब्रीफिंग म्हणतात. त्यात सांगायचं असतं की डमी कुठे काय करू शकते, औषधं कुठे ठेवलीत, कोणाला फोन करता येईल, व्हिडिओ कोण बघणार आणि कधी पुसला जाणार, इथे झालेली चूक या खोलीबाहेर जाणार नाही, आणि आज मार्क आहेत की नुसता सराव आहे. शिकण्याचा सिनारिओ आणि परीक्षेचा सिनारिओ हे दोन वेगळे ठेवलेच पाहिजेत, एकाच वेळी शिक आणि मार्क पण मिळव असं म्हटलं की माणूस मार्क मिळवायच्या मागे लागतो, शिकत नाही. हात थरथरणं आपोआप कमी होईल, त्यासाठी वेगळं काही करू नकोस, फक्त अँप्यूल फोडायचा सराव एकटीने, पाण्याच्या अँप्यूलवर, अँप्यूलच्या मानेवर गॉज धरून, पंधरा-वीस वेळा कर. जे हाताला सवयीचं होतं त्यावरून लक्ष मोकळं होतं आणि ते लेबलावर देता येतं.

आणि चुकीची व्हायल उचललीस ना, ती कशी दिसत होती? शेजारी ठेवलेल्या व्हायलसारखीच? त्याच रंगाचं झाकण? तर मग ती तुझी एकटीची चूक नाही, त्या कपाटाचीही आहे. जेम्स रीझन नावाच्या मानसशास्त्रज्ञाने हे फार छान मांडलंय, चूक अडवायला चीजच्या चकत्या एकामागे एक ठेवल्यात, प्रत्येकीला भोकं आहेत, ज्या दिवशी सगळी भोकं एका रेषेत येतात त्या दिवशी चूक आरपार जाऊन पेशंटपर्यंत पोचते. तू शेवटची चकती होतीस, पण तुझ्या आधी किती होत्या ते बघायला नको का.

प्रश्न : सिम्युलेशननंतर डीब्रीफिंग, म्हणजे झालेल्या सरावावर बसून बोलणं, करा म्हणतात. आम्ही करतो, पण पाच मिनिटांत संपतं. 'काय चुकलं' विचारलं की मुली गप्प बसतात.
– स्किल लॅब इनचार्ज

'काय चुकलं' विचारलं तर गप्पच बसणार. असं बोलून बघा : "तू व्हायल उचललीस आणि लेबल न वाचता औषध भरलंस हे मी पाहिलं. मला काळजी वाटली, कारण शेजारी तशीच दिसणारी दुसरी व्हायल होती. त्या वेळी तुझ्या डोक्यात काय चाललं होतं?" जे दिसलं ते सांगायचं, त्याबद्दल आपल्याला काय वाटलं ते लपवायचं नाही, आणि मग खरोखर जाणून घ्यायला विचारायचं. मुली जे सांगतात ते ऐकून आपणच थक्क होतो. एकीने मला सांगितलं होतं की मॅडम तुम्ही ट्रे लावून ठेवला होता म्हणून मला वाटलं तो बरोबरच असणार. म्हणजे तिला लेबल वाचता येत नव्हतं असं नाही, तिने मोठ्या माणसावर विश्वास ठेवला होता, आणि वॉर्डात नेमकं हेच होतं, सिनिअरने काढून दिलंय म्हणजे बरोबरच असेल. हे मला नुसतं चेकलिस्टवर टिक करून कधीच कळलं नसतं.

वेळेचं म्हणाल तर माझा सिनारिओ दहा मिनिटांचा असतो आणि त्यानंतरचं बोलणं पंचवीस मिनिटांचं. लॅबचा वेळ कमी असेल तर सिनारिओ कमी करा, बोलणं कमी करू नका. आणि शक्य असेल तर बोलून झाल्यावर त्याच मुलीला तोच सिनारिओ परत करू द्या, चुकलेल्या जागी परत जाऊन बरोबर केल्याशिवाय ती तिथून बाहेर पडू नये असं मला फार वाटतं.

प्रश्न : आमच्या कॉलेजकडे महागडी बोलणारी डमी घ्यायला पैसे नाहीत. मग सिम्युलेशन सुरूच करायचं नाही का?
– एक प्राचार्या

सुरू करा, आजच करा. डेव्हिड गाबा हे भूलतज्ज्ञ या क्षेत्रातलं मोठं नाव, त्यांनी २००४ मध्येच लिहून ठेवलंय की सिम्युलेशन ही एक पद्धत आहे, ते यंत्र नाही. आणि आपल्या व्यवसायात तर हे फार जुनं आहे, १९११ मध्ये अमेरिकेतल्या हार्टफर्ड हॉस्पिटलच्या नर्सिंग स्कूलमध्ये 'मिसेस चेस' नावाची माणसाएवढी बाहुली आणली होती, मार्था चेस या बाहुल्या बनवणाऱ्या बाईंनी बनवलेली, आणि पुढच्या काळात तिच्या दंडाला इंजेक्शन द्यायची जागासुद्धा केली गेली. ती बोलत नव्हती, श्वास घेत नव्हती, तरी नर्सेस शिकल्याच की.

औषध सुरक्षितपणे देण्याच्या सरावाला लागतं काय? पट्टा बांधता येईल असा हात, खरा वाटेल असा मेडिकेशन चार्ट, लेबल लावलेल्या व्हायल आणि अँप्यूल, सिरिंज, वापरलेल्या सुया टाकायचा शार्प्सचा डबा, एक फोन, आणि पेशंट बनायला तयार असलेलं एक माणूस. इंजेक्शन टोचायला पॅड वेगळं, माणसाला टोचायचं नाही हे सांगायला नकोच. छातीचे आवाज काढणारी डमी असली तर छान, पण पट्टा न बघणं ही चूक पकडायला ती लागत नाही.

एका गोष्टीत मात्र काटकसर करू नका, लेबलात. सरावाच्या प्रत्येक व्हायलवर, प्रत्येक सलाईनच्या पिशवीवर मोठ्या अक्षरात 'फक्त सरावासाठी, माणसाला देऊ नये' असं हवं, आणि तो सगळा साठा कुलपात, लॅबच्या बाहेर एक अँप्यूलसुद्धा जाता कामा नये. अमेरिकेत २०१४-१५ मध्ये सरावासाठी बनवलेल्या, निर्जंतुक नसलेल्या सलाईनच्या पिशव्या चुकून खऱ्या दवाखान्यांत पोचल्या आणि ४० हून जास्त खऱ्या पेशंटना दिल्या गेल्या, बऱ्याच जणांना ताप-थंडी भरली, काहींना ॲडमिट करावं लागलं. म्हणून एखाद्या विद्यार्थिनीच्या ॲप्रनच्या खिशात लॅबमधली एखादी व्हायल राहावी आणि ती मुलगी तशीच दुपारी वॉर्डात जावी, हे मला सगळ्यात भीतीदायक वाटतं. मी दारातच खिसे बघते, कोणाला राग आला तरी चालेल.

प्रश्न : मला औषधांचं गणित जमतच नाही. सूत्र पाठ आहे पण पेशंटसमोर उभं राहिलं की आकडे हलायला लागतात. काही युक्ती?
– जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा), दुसरं वर्ष

युक्ती अशी नाही, पण सवय आहे एक. गणित करायच्या आधी अंदाज बांधायचा. १२ किलोचं बाळ, पॅरासिटामॉल १५ मिग्रॅ प्रतिकिलो सांगितलंय, म्हणजे १८० मिग्रॅ. सिरप ५ मिलीत २५० मिग्रॅ आहे. आता आधी मनात म्हण, २५० ला ५ मिली, १८० तर त्याहून कमी, म्हणजे उत्तर ५ मिलीच्या आतच यायला हवं. मग गणित कर, ३.६ मिली. आलं आत? बरोबर. आता तेच सिरप ५ मिलीत १२५ मिग्रॅवालं असेल तर ७.२ मिली, म्हणजे बरोब्बर दुप्पट. दोन्ही बाटल्या कपाटात शेजारी असतात, रंग तोच, वास तोच. लॅबमध्ये मी मुद्दाम चार्टवर नुसता मिग्रॅचा डोस लिहिते आणि ट्रेमध्ये दोन्ही बाटल्या ठेवते. जी मुलगी बाटली हातात घेऊन आधी ताकद वाचते तिचं गणित सहसा चुकत नाही, आणि जी आधी पेन काढते तिचं चुकतं.

सलाईनचंही तसंच. १००० मिली ८ तासांत, सलाईनच्या नळीचा सेट २० थेंबांना १ मिलीवाला. १००० गुणिले २० भागिले ४८० मिनिटं, ४१.६६, म्हणजे मिनिटाला ४२ थेंब. पण तोच आकडा ६० थेंबवाल्या मायक्रोड्रिप सेटला १२५ होतो, म्हणून सेटच्या पाकिटावरचा आकडा वाचल्याशिवाय गणिताला हात लावायचा नाही.

इन्सुलिनबद्दल जरा जास्त सांगते कारण इथे चूक झाली तर पेशंटची शुगर झपाट्याने खाली जाते. जिथे ४० युनिट आणि १०० युनिट अशा दोन्ही ताकदीच्या व्हायल मिळतात तिथे सिरिंजही दोन प्रकारच्या असतात. १०० युनिटवालं इन्सुलिन ४० च्या सिरिंजमध्ये १० च्या खुणेपर्यंत भरलं तर १० नाही, २५ युनिट जातात. अडीच पट! हे नुसतं वाचून विसरशील, म्हणून रंगीत पाणी घे, दोन्ही सिरिंज घे, १० च्या खुणेपर्यंत भरून दोन वाट्यांत शेजारी शेजारी सोड आणि बघ, ४० वालीतून पाव मिली आणि १०० वालीतून ०.१ मिली. आणि ऑर्डर लिहिताना, नोंद करताना 'युनिट' पूर्ण शब्दात लिहायचं, इंग्रजी 'यू' अक्षर घाईत लिहिलं की शून्य दिसतं आणि ४ चे ४० होतात. १ च्या पुढे दशांश देऊन शून्य लिहायचं नाही, टिंब पुसट आलं की १० वाचलं जातं, आणि अर्ध्यासाठी टिंबाच्या आधी शून्य लिहायचंच, ०.५, नाहीतर ते ५ होतं.

प्रश्न : तुमच्या लॅबमध्ये शांतता असते ताई. माझ्या वॉर्डात औषधं काढताना तीनदा फोन वाजतो, नातेवाईक विचारायला येतात, डॉक्टर हाक मारतात. लॅबमध्ये शिकलेलं इथे टिकत नाही.
– स्टाफ नर्स, मेडिसिन वॉर्ड

अगदी बरोबर बोललात, म्हणूनच लॅबमध्ये शांतता ठेवायची नाही. ऑस्ट्रेलियात सिडनीच्या दोन हॉस्पिटलांत जोहाना वेस्टब्रूक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नर्सेसच्या बरोबर राहून ४००० हून जास्त वेळा औषध देताना पाहिलं आणि २०१० मध्ये छापलं, निम्म्याहून जास्त वेळा मध्येच कोणीतरी अडवलं होतं, आणि प्रत्येक अडवण्यामागे चुकांचं प्रमाण साधारण १२ टक्क्यांनी वाढत होतं. म्हणजे तुम्ही जे म्हणताय ते मोजून दाखवलंय लोकांनी.

मी लॅबमध्ये मुलगी औषध भरत असताना फोन वाजवते, एकीला नातेवाईक बनवून पाठवते, ती येऊन विचारते "आमच्या पेशंटला डिस्चार्ज कधी?" आणि बघते ती काय करते. शिकवायचं ते असं : जीव जाण्यासारखं काही असेल तर हातातलं खाली ठेवून जायचं, आणि परत आल्यावर जिथे सोडलं तिथून नाही, पहिल्यापासून सुरू करायचं, अर्धवट भरलेली लेबल नसलेली सिरिंज टाकून द्यायची, ती कशाची आहे ते आठवत बसायचं नाही. जीव जाण्यासारखं नसेल तर मान न वळवता शांतपणे सांगायचं, "मी औषध काढतेय, दोन मिनिटांत येते." हे वाक्य मुलींच्या तोंडातून निघत नाही हो सुरुवातीला. त्यांना वाटतं उद्धटपणा होईल. चार-पाच वेळा लॅबमध्ये म्हटलं की मग जमतं, आवाजही सापडतो.

प्रश्न : डॉक्टरांनी लिहिलेला डोस चुकीचा वाटला तर विद्यार्थिनीने बोलायचं का? बोलायचं तर कसं?
– एक विद्यार्थी (हो, मुलगा आहे मी, वर्गात आम्ही चौघं आहोत)

बोलायचं. विद्यार्थी असलास तर आधी तुझ्या सिस्टरला किंवा ट्यूटरला, लगेच, औषध हातात असतानाच, नंतर नाही. आणि कसं ते सांगतो म्हणणारे खूप असतात पण तोंडाने म्हणायचा सराव कोणी घेत नाही म्हणून मी घेते. माझा सिनारिओ पोटॅशियमचा असतो. पोटॅशियम क्लोराईडच्या १० मिलीच्या १५ टक्केवाल्या अँप्यूलमध्ये २० मिलीइक्विव्हॅलंट (पोटॅशियम मोजायचं एकक) असतात, ते कधीही तसंच शिरेत सोडायचं नाही, हृदय थांबतं, ते पुरेशा सलाईनमध्ये मिसळून, पिशवी नीट हलवून, हळू द्यायचं असतं. सिनारिओत डॉक्टर बनलेला माणूस घाईघाईत फोनवर म्हणतो, "पोटॅशियम लो आहे, एक अँप्यूल देऊन टाका, मी ऑपरेशन थिएटरमध्ये आहे."

आता बघ तुला काय म्हणता येईल. आधी ऐकलेलं परत म्हणायचं, "सर, पोटॅशियम क्लोराईड एक अँप्यूल, २० मिलीइक्विव्हॅलंट, बरोबर?" मग "किती सलाईनमध्ये आणि किती तासांत द्यायचं?" तरी समोरून "द्या ना लवकर" आलं तर "सर, मला काळजी वाटतेय, हे डायल्यूट न करता देणं सुरक्षित नाही, मी देणार नाही, मी इनचार्ज सिस्टरना कळवते." आवाज चढवायचा नाही, माफी मागायची नाही. पहिल्यांदा मुलं "सर... ते..." एवढंच म्हणतात आणि अँप्यूल फोडायला घेतात. खरंच. ज्यांना पुस्तकातलं सगळं माहीत असतं तीसुद्धा. म्हणून हा सिनारिओ मी प्रत्येकाला एकट्याने करायला लावते, गटात नाही, गटात एक बोलतो आणि बाकीचे सुटतात.

प्रश्न : 'योग्य मार्ग' याचा सराव कसा घ्यावा? सगळे म्हणतात तोंडाने की शिरेतून एवढं तर कळतंच.
– ट्यूटर

कळतं, पण सिरिंजला कळत नाही. नाकातल्या नळीतून द्यायचं औषध इंजेक्शनच्या सिरिंजमध्ये भरून ट्रेवर ठेवलं आणि हँडओव्हर, म्हणजे ड्युटी बदलताना काम सोपवणं, झाला की पुढच्या ड्युटीवरचा माणूस ते शिरेच्या पोर्टला लावू शकतो कारण ते बसतं. म्हणून तोंडाने किंवा नाकातल्या नळीने द्यायच्या औषधाला तोंडाचीच सिरिंज, जी पोर्टला बसतच नाही. डमीला तीन नळ्या लावा, नाकातली, शिरेतली, लघवीची, खोलीतला लाईट मंद करा, आणि मुलींना सांगा की बोट नळीवर ठेवून शरीरात जिथे जाते तिथपर्यंत मागोवा घेतल्याशिवाय काहीही जोडायचं नाही. मंद लाईट विसरू नका, रात्रपाळी तशीच असते.

प्रश्न : माझी मुलगी नर्सिंगला आहे. ती सांगते की अर्धा वेळ पुतळ्यावर शिकवतात. पुतळ्यावर शिकलेली मुलगी खऱ्या माणसाला औषध देणार? मला तरी पटत नाही.
– एक वडील

काका, तुमची शंका रास्त आहे आणि नुसतं 'नवीन पद्धत आहे' म्हणून मी ती उडवून लावणार नाही. अमेरिकेतल्या नर्सिंग बोर्डांच्या राष्ट्रीय परिषदेने दहा नर्सिंग कॉलेजांमधल्या ६०० हून जास्त विद्यार्थ्यांवर एक मोठा अभ्यास केला, २०१४ मध्ये तो प्रसिद्ध झाला. काहींना नेहमीसारखं वॉर्डात शिकवलं, काहींचा पाव वेळ आणि काहींचा अर्धा वेळ सिम्युलेशनला दिला. कोर्स संपताना ज्ञानात आणि कामाच्या क्षमतेत त्यांच्यात म्हणण्यासारखा फरक दिसला नाही, नोकरीला लागल्यावर पहिल्या सहा महिन्यांतही नाही. पण त्यात एक अट होती, ती लोक सांगताना गाळतात : शिकवणारे प्रशिक्षित हवेत, प्रसंग खऱ्यासारखे हवेत, नंतरचं बोलणं नीट व्हायला हवं. नुसती डमी आणून कोपऱ्यात झाकून ठेवली तर तुमचं म्हणणं शंभर टक्के खरं.

आणि वॉर्ड सुटत नाही काका. पेशंटच्या कपाळावर हात ठेवल्यावर जे कळतं ते डमी देत नाही. पण वॉर्डात पोटॅशियमचा तो फोन तुमच्या मुलीला तीन वर्षांत कदाचित एकदाही येणार नाही, आणि आला तर पहिल्यांदाच येईल, समोर खरा पेशंट असताना. तो फोन तिने आधी चार वेळा घेतलेला असावा असं तुम्हालाही वाटेल ना.

प्रश्न : आमच्याकडे धोक्याच्या औषधांना दोन नर्सेसनी तपासायचा नियम आहे. तरी चूक झाली. दोघींच्या सह्या होत्या. मग याचा सराव घेऊन उपयोग काय?
– वॉर्ड इनचार्ज

सह्या दोन होत्या, पण तपासणी बहुतेक एकच झाली असणार. "बघ गं, अडीच मिली बरोबर ना?" असं विचारलं की दुसरी अडीचच बघते. दुसरीला उत्तर सांगायचंच नाही. तिच्या हातात चार्ट आणि व्हायल द्यायची, तिने वेगळ्या कागदावर स्वतः गणित करायचं, मग दोन्ही कागद शेजारी ठेवायचे. सरावात पहिलीला मुद्दाम चुकीचं उत्तर घेऊन पाठवा, हेपरिनवर, म्हणजे रक्ताच्या गाठी होऊ न देणाऱ्या औषधावर, करा, त्याच्या व्हायल खूप वेगवेगळ्या ताकदीच्या येतात, आणि पहिलीने जरा मोठ्या आवाजात, खात्रीने सांगायचं "मी दोनदा बघितलंय". दुसरी तरीही कागद मागते का ते बघा. मागितला तर तिथेच सगळ्यांसमोर तिचं नाव घेऊन कौतुक करा, आणि पुढच्या वेळी दोघींची अदलाबदल करा.